तळघरातला जमदग्नी

आमच्या जमदग्नीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो एका गोऱ्या पाहुण्याला कॉलर धरून तळघराच्या जिन्यावरून वर फरफटत आणत होता. त्या गृहस्थाने भिंतीवर किल्लीने बायकोचं नाव कोरायला घेतलं होतं. "प्रेम घरी कर," असं त्याला चक्क मराठीत सुनावून जमदग्नीने ती किल्ली द्राक्षांच्या ओळींत भिरकावून दिली.

मेलबर्नबाहेरच्या त्या मळ्यात मी वर वाइन चाखायला देणाऱ्या काउंटरवर होते. जमिनीखालची जुनी तळघरं हा सांभाळायचा. मूळचा निफाडचा, घरात एकटा. कुदळीने खोदलेल्या त्या भिंतींवर वाइनच्या वाफेवर पोसलेली काळी बुरशी होती, मांजराच्या अंगासारखी मऊ. हिच्यामुळे हवा दमट राहते, वाइनची लाकडी पिंपं सुकत नाहीत, असं तो सांगे. कुणी बोट लावलं की आधी शिवी, मग धक्का. "बाटली फुटली तर दुसरी भरू. ही वाढायला पिढ्या लागतात," म्हणायचा.

त्या वर्षी ट्रुगानिना या उपनगरातल्या मराठी मंडळाने दिवाळी फराळ तळघरात ठेवला. मंडळी सकाळीच आली आणि दिवाळीआधी आपण घरोघरी जे करतो तेच त्यांनी केलं. जमदग्नी जेवून खाली उतरला तर जिन्याजवळची अख्खी भिंत साबणाने घासून पांढरीफटक.

त्याने बादली लाथेने उडवली. चकल्यांचा डबा जमिनीवर आपटला.

"अहो, केवढी घाण होती! नो वरीज, आम्ही हौसेने केलं," मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले.

ठोसा असा बसला की त्यांचा दात रांगोळीत पडला. मी जमदग्नीला मागून आवळून धरलं, तेव्हा तो हमसून रडत होता.

मालकाने बजावलं, सगळ्यांसमोर माफी माग, नाहीतर आजच चालता हो. मी जमदग्नीच्या हातापाया पडले. त्या तळघराशिवाय त्याला दुसरं होतं काय? शेवटी तोंड धुऊन तो सेक्रेटरींसमोर उभा राहिला.

"चुकलं माझं," म्हणाला. त्याच्या तोंडून हे शब्द मी कधी ऐकले नव्हते.

सेक्रेटरींनी मोठ्या मनाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे रे. पुढच्या संडेला येऊन उरलेल्या भिंतीही घासून देतो."

दुसरा ठोसा पहिल्यापेक्षा जोरात होता.

मला तो माणूस फार आवडायचा. लोक सेक्रेटरींच्या जबड्यासाठी बर्फ मागायला माझ्या काउंटरकडे धावले. संपलाय, म्हणून मी सांगितलं, आणि जमदग्नीची बॅग उचलून त्याच्या गाडीपर्यंत गेले.