गिधाडांतला ससाणा

व्हर्ना स्टिडमने एकतीस वर्षं रँचवाल्यांना टँकरने पाणी पोचवलं. या काळात तिच्या शब्दावर कोणी संशय घेतल्याचं ऐकिवात नाही. तो मान आमच्या पक्षीमंडळाने मिळवला. सहा वर्षांपूर्वी तिने दिलेली एका दुर्मिळ ससाण्याची नोंद लाइल हॅस्केटने 'उन्हाचा भास' म्हणून फेटाळली. तेव्हापासून ती दोघं एकमेकांशी फक्त पक्ष्यांबद्दल बोलतात, आणि तेही वाईटच.

लाइल निवृत्त शाळामास्तर. जिल्ह्याची पक्षीयादी त्याच्या ताब्यात. अ‍ॅरिझोनाच्या या पश्चिम टोकाला पक्ष्याने यायचं ते त्याला विचारूनच.

मे महिन्यातल्या एका सकाळी आम्ही तिघं गावाच्या सांडपाण्याच्या तळ्यावर होतो. एवढ्या वाळवंटात पक्षी बघायला याहून चांगली जागा नाही. वासाची तक्रार फक्त नवखे करतात. डोक्यावर लाल तोंडाची गिधाडं पंख उचलून डुलत घिरट्या घालत होती. लाइलने वहीत 'गिधाडं, नऊ' लिहिलं आणि सवयीने थव्याचा एक फोटो काढला.

"आठ," व्हर्ना म्हणाली. "नववा ससाणा आहे. पट्टेरी शेपटीचा."

हा ससाणा काळा, आणि उडतो हुबेहूब गिधाडासारखा. आमच्या जिल्ह्यात त्याची एकही नोंद नव्हती.

"सहा वर्षांत चष्मा बदललेला दिसत नाही," लाइल म्हणाला.

"वर बघ तरी, मास्तर. मान उचलायला पेन्शन कमी पडते का?"

"गिधाडाकडे दोनदा बघायचं माझं वय राहिलं नाही."

तेवढ्यात तो पक्षी टेकडीआड गेला. व्हर्नाने पक्ष्यांचं पुस्तक लाइलला दिसेल असं गाडीच्या बॉनेटवर मिटून ठेवलं आणि त्याकडे पाठ करून वर्णन लिहायला बसली. आमच्याकडे वर्णन पुस्तक उघडण्याआधी लिहायचं असतं, नाहीतर ते धरत नाहीत. पिवळे पाय, शेपटीवर पांढरा पट्टा, डोकं पिसांनी भरलेलं. आयुष्यात एक पक्षी आपल्या शब्दावर मान्य व्हावा, एवढीच तिची मागणी होती.

मंडळाच्या मंगळवारच्या बैठकीत लाइलने स्वतःचाच फोटो मोठा करून आणला. त्यात आठ गिधाडं होती आणि एक पट्टेरी शेपटी.

"ससाणा आहे," तो म्हणाला. तिनेच काही लबाडी केल्यासारखा त्याचा सूर होता. "वर्णन बाजूला ठेवा. फोटोवर मंजूर करू."

"वर्णन का बाजूला?"

"कारण नुसत्या तुझ्या वर्णनावर मी आजही नाहीच म्हटलं असतं. फोटोचे आभार मान."

मतदानाआधी नोंद मागे घेता येते. व्हर्नाने टेबलावरून आपला नोंदीचा अर्ज उचलला.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं? जिल्ह्यातला पहिला ससाणा आहे!"

"मग तू दे की नोंद. फोटो तुझा, वही तुझी." तिने एक कोरा अर्ज त्याच्यापुढे सरकवला. "तिसरा प्रश्न तेवढा नीट वाच."

तिसरा प्रश्न असा होता: पक्षी समोर असताना तुम्ही तो काय म्हणून ओळखलात?

लाइलने पेनाचं टोपण काढलं. प्रश्न वाचून ते परत लावलं आणि म्हणाला, "पुढचा विषय."

पट्टेरी शेपटीचा ससाणा आमच्या जिल्ह्यात अद्याप आलेला नाही.