कोंडीरामच्या हातातली दुर्री-सत्ती

कोंडीराम गाडे चाकणच्या एका कंपनीत अठ्ठावीस वर्षं तपासणीला होते. तयार झालेला भाग व्हर्नियरमध्ये धरायचा, माप बोलायचं, चुकलेला बाजूला टाकायचा. त्यांनी नाकारलेला भाग पुन्हा कुणी मोजत नसे.

निवृत्तीनंतर सातव्या महिन्यात त्यांच्या मेंदूत गुठळी झाली. हातपाय वाचले, पण शब्द घसरू लागले. चहा हवा असला की ते ‘चावी’ म्हणायचे. एकदा गल्लीच्या तोंडाशी उभे राहून घर कुठल्या बाजूला हे आठवेना. त्या दिवसापासून ते बोलेनासेच झाले. मुलगी तनुजा त्यांना आणि आई सुभद्राबाईंना दिघीला आपल्या घरी घेऊन आली.

डॉक्टर म्हणाले होते, “सुधारणा होईल. डोकं कामात ठेवा.” तनुजानं शब्दकोडी आणली, ती तशीच पडून राहिली. मग एका रविवारी दुपारी तिनं पत्ते काढले. ऑफिसातल्या मैत्रिणींकडून ती पोकर शिकली होती.

“आप्पा, पैसे नाहीत. चिंचोक्यांवर खेळायचं.”

आप्पांनी मान हलवली, नाही म्हणून. पण सुभद्राबाई मांडी घालून बसल्या, म्हणून तेही बसले.

“प्रत्येकाला दोन पत्ते, ते आपल्यापुरते,” तनुजा सांगू लागली. “मधे पाच पत्ते उघडतात, ते सगळ्यांचे. आधी तीन, मग एक, मग एक. सात पत्त्यांतून चांगले पाच निवडायचे. जोडी झाली तर बरं, दोन जोड्या त्याहून वर, तीन सारखे त्याहून वर.”

“आन् काय न्हाईच झालं तर?” सुभद्राबाईंनी विचारलं.

“पत्ते टाकून द्यायचे. किंवा चिंचोके वाढवायचे, समोरचा घाबरून सोडतो का बघायचं.”

“म्हंजी खोटं बोलायचं.”

“न बोलता!” तनुजा हसली.

पहिले दोन रविवार आप्पांनी नुसते पत्ते टाकले. क्रम विसरायचा, चिडून उठायचे. तनुजानं कागदावर क्रम लिहून दिला. तिसऱ्या आठवड्यात कागदाकडे बघणं कमी झालं. ते पत्त्यांपेक्षा तनुजाच्या चेहऱ्याकडेच जास्त बघू लागले.

चौथ्या रविवारी मधे दोन राजे आले, मग नव्वी, चव्वी, शेवटी पंजी. सुभद्राबाईंनी आधीच पत्ते टाकले होते. तनुजाकडे एक्का आणि नव्वी, म्हणजे राजांची जोडी आणि नव्वीची जोडी. तिनं दहा चिंचोके सरकवले.

आप्पांनी आपले पत्ते पुन्हा उचलून पाहिले. मग पुढचा सगळा ढीग दोन्ही हातांनी मधे लोटला.

तनुजा त्यांच्याकडे बघत राहिली. चेहरा अगदी शांत. यांच्याकडे तिसरा राजा आहे, तिला वाटलं. “सोडलं,” ती म्हणाली.

आप्पांनी पत्ते उलटे केले. एक दुर्री, एक सत्ती. काहीच नव्हतं.

“आप्पा! मुद्दाम केलंत?”

“व्हय.” ते थांबले. शब्द शोधला, तो सापडला. “तुझ्याकडं... नव्वी व्हती. नव्वी आली, तवा तू कान खाजवलास. पर राजाला भ्यालीस.”

इतकं सलग ते दोन महिन्यांत बोलले नव्हते. सुभद्राबाईंनी पदर तोंडाला लावला.

“मला वाटलं डोकं गेलं,” आप्पा म्हणाले. “समद्यांना ओझं झालो वाटलं. रोज वाटायचं.”

“आम्हाला कधी वाटलं नाही, आप्पा,” तनुजा म्हणाली, आणि रडू लागली.

“वाटलं आसंल,” ते शांतपणे म्हणाले. “पर आता न्हाई वाटायचं.”

शब्द अजूनही चुकतात. पण पुढच्याच आठवड्यात ते एकटे कोपऱ्यापर्यंत जाऊन कोथिंबीर घेऊन आले. मागितली होती मेथी. सुभद्राबाईंनी जुडी हातात घेतली आणि खाली बसून निवडायला लागल्या.