कोतवालाचं गाठोडं

ती सकाळ अजून माझ्या डोळ्यांपुढून गेलेली नाही. नागपूरच्या बौद्ध धम्मदीक्षेनंतरचा हिवाळा होता. मी आर्वी तालुक्यात पोलीस जमादार. शिक्षण चौथी, पण माझा पंचनामा कोर्टात कधी पडला नाही, हे आधीच सांगतो.

रोहण्याजवळच्या एका गावात शेतकऱ्याच्या देवघरातून चांदीचे टाक, म्हणजे देवांचे मुखवटे ठोकलेले पत्रे, चोरीला गेल्याची फिर्याद आली. दोन दिवसांनी खबऱ्या म्हणाला, "गावचा कोतवाल रोज पहाटे गाठोडं घेऊन नदीवर जाते, न् तसाच वापस येते."

कोतवाल साठीला टेकलेला. राजा मेला, लढाई लागली, स्वराज्य आलं, सगळं गावाला त्याच्याच दवंडीच्या डफड्यावरून कळलेलं. त्या साली त्याने मुलासोबत दीक्षा घेतली आणि डफडं खुंटीला टांगलं ते कायमचं.

मी त्याला धुक्यात गाठलं. पाणी, काठ, माणूस, सगळं एकाच रंगाचं. घोटाभर पाण्यात तो गाठोडं छातीशी धरून उभा होता.

"उघड."

"नाई, जमादारसाहेब."

चावडीवर तासभर विचारलं. तो खोटं बोलेना, खरंही बोलेना. फिर्यादी हसला, "जन्मभर गावभर बोंबलला, आता काऊन मुका झाला रे?"

मी झडतीसाठी पंच बोलावले, तेव्हा कुठे म्हातारा बोलला. "चोर लिहा मले. अंगठा देतो. पन पंचाइसमोर गाठोडं सोडू नोका. बाहेर माहा पोरगा उभा हाय."

चोर अंगठा द्यायला इतका उतावळा नसतो. मी सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं.

फडक्यातून तांब्याचा एकच टाक निघाला. पूर्वी घरातल्या मेलेल्या माणसाचाही टाक करून देवांत बसवत.

"पोरानं सारे देव नदीत सोडले. म्याच म्हनलं, सोड. पन हे देव नाई साहेब, माही माय होय. पलेगात गेली तवा मी अंगावर पेत होतो. तिचं तोंड म्या याच्यातच पाह्यलं. पोरगा म्हनन, बा दीक्षेची शपथ मोडून राह्यला. रोज सोडाले जातो, हात सुटत नाई."

डोळ्यांचे दोन ठिपके, नाकाची एक रेघ. ती कोणाचीही आई असू शकली असती.

डायरीत लिहिलं: 'झडतीत काही मिळून आले नाही.' चांदीचे टाक आठ दिवसांनी फिर्यादीच्याच घरी सरकीच्या ढिगात सापडले. लोक देव नदीत सोडताहेत हे ऐकून त्याच्या म्हाताऱ्या आईने भीतीने लपवले होते.

दोन वर्षांनी कोतवालाचा मुलगा ठाण्यावर आला. "बा गेला, साहेब. आजीचा टाक त्याच्या संगं मातीत देल्ला."

"तुला माहीत होतं?"

"रोज त्याच्या मांगं मांगं जात होतो. पान्यात पाय घसरन म्हनून. बोललो नाई, त्याले लाज वाटली असती."

ज्याच्यापासून लपवायला मी दार लावलं, तो आधीच सारं जाणत होता. तरी नोंद खोटी केली ती बरीच केली, पुन्हा तशीच करीन. पण माझ्या नजरेचा फार गर्व होता मला. आता डोळे मिटले की ती नदी दिसते. पुढे बाप, धुक्यात मागे मुलगा. मी त्या पहाटे एकालाच पाहिलं होतं.