आतेबहिणीचं फ्रेंच

आमच्या घरात इंग्रजी माझं होतं. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय, ते बाबा मलाच विचारायचे. अमडापूरच्या बाजारात भेटेल त्याला सांगायचे, "मायी पोरगी इंग्रजीत बीए करून राह्यली."

त्या दिवाळीला पुण्याहून माझ्याच वयाची आतेबहीण आली. ती कॉलेजात फ्रेंच शिकत होती. पहिल्याच संध्याकाळी आमच्या कपाशीच्या बांधावर उभी राहून म्हणाली, "मामा, मला इथे देजा व्हू होतंय."

बाबांनी अर्थ विचारला.

"हे सगळं आधी कधीतरी पाहिलंय असं उगाच वाटतं ना, ते. शब्द फ्रेंच आहे, पण इंग्रजीत सर्रास वापरतात."

"फिर म्हन बरं," बाबा म्हणाले. तिने म्हटलं. मग बाबांनी स्वतः म्हणून पाहिलं आणि खुदकन हसले. मी इतकी वर्षं डबे वाचले, मला कधी 'फिर म्हन' म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या झोपेला ती सिएस्टा म्हणाली. हा म्हणे स्पॅनिश. तेव्हापासून बाबा जेवण झालं की "चाला, सिएस्टा करतो" म्हणत आडवे व्हायचे. आई हसायची. मी ताट उचलून धुवायला न्यायची.

मी डिक्शनरीची मागची पानं काढली. तिथे परभाषेतून इंग्रजीत आलेले शब्द होते. एक पाठ केला. अर्थ, चारचौघांत झालेली चूक. भाऊबीजेला घर पाहुण्यांनी भरलं होतं. तिच्या हातून तांब्या लवंडला, आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हा तुझा फॉक्स पास झाला!"

ती खाली वाकून पाणी पुसत होती. तशीच हळूच म्हणाली, "लिहितात तसं नाही, फो पा म्हणतात गं."

बाबांनी तेवढं बरोबर ऐकलं. "शिकून घे तिच्यापासून," म्हणाले.

दोन दिवसांनी वेचणीला आलेल्या बायांनी शेतातून हाक मारली. बाबांनी एक हिरवं बोंड फोडलं. आत गुलाबी अळी. दुसरं फोडलं, त्यातही. बीटी बियाण्याच्या कपाशीला ही अळी लागत नाही, असं त्यांनीच गावभर सांगितलं होतं. मी म्हणाले, "याले पिंक बोलवर्म म्हणतात, बाबा." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

ती मागून आली, ओढणी खोचून त्यांच्याशेजारी मातीत बसली आणि बोंडं फोडू लागली. किडकी एकीकडे, चांगली एकीकडे. थोड्या वेळाने बाबाच बोलायला लागले. बीटीच्या पहिल्या वर्षी शेत कसं पांढरंशुभ्र झालं होतं, आपण किती जणांना ते बियाणं घ्यायला लावलं, आता त्यांना तोंड कसं दाखवायचं. यातलं एक अक्षरही ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी दोन ओळी पलीकडे उभी राहून ऐकत होते.

कपाशी उपटून हरभरा पेरला. तिची सुट्टी संपली, तेव्हा बाबा तिला मलकापूरला गाडीत बसवायला गेले. मी गेले नाही.

"तू काऊन नाही गेली वो?" आईने विचारलं.

"डोकं दुखते."

संध्याकाळी परतल्यावर बाबा जेवायला बसले. आता तिचंच कौतुक चालणार, असं वाटून मी तयारीतच होते. त्यांनी तिचं नावही काढलं नाही. खाली मान घालून जेवले. मलाच कळलं, त्यांना ती नसल्याचं किती जाणवत होतं ते.