फ्रिजआडचा गोल

आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये फुटबॉलची जागतिक स्पर्धा फुकट दिसते. ती साध्या चॅनेलवर लागते आणि भिंतीवरचा टीव्ही कायम चालूच असतो. पण स्वयंपाक करणाऱ्या मावशींना ती अर्धीच दिसायची. त्यांच्या वाढायच्या खिडकीतून पाहिलं की पडद्याचा उजवा भाग थंड पेयांच्या फ्रिजने झाकलेला असे. डावीकडचे गोल त्या डोळ्यांनी बघायच्या, उजवीकडचे आमच्या आरड्याओरड्यावरून ओळखायच्या. कुणी म्हणालं, "मावशी, मोबाइलवर हायलाइट्स बघा की नंतर," तर झारा रोखून विचारायच्या, "मी तुम्हाला कधी शिळं गरम करून वाढलंय? मग मला का वाढता?"

फ्रिज सरकवा म्हणून त्यांनी मॅनेजरच्या किती विनवण्या केल्या. उत्तर ठरलेलं: "तुम्हाला भाजी बघायला ठेवलंय, मॅच बघायला नाही." हा मॅनेजर म्हणजे एक नंबरचा आडमुठा. स्वतःला चहाचं आधण ठेवता येत नाही, आणि तोरा असा की कँटीन जणू याच्याच जिवावर चालतंय.

मग बायकांच्या स्पर्धेची फायनल आली. मावशी शाळेत गोलकीपर होत्या. थोरल्या भावाने त्यांचे बूट चुलीत घातले तेव्हा खेळ सुटला, राग मात्र सुटला नाही. निदान ही एक मॅच त्यांना अख्खी बघायची होती. आम्ही जेवायला बसलो तेव्हा सामना बरोबरीत संपून पेनल्टी सुरू होत होत्या, आणि गोल नेमका पडद्याच्या उजव्या बाजूला. मावशींना चेंडू मारणारी दिसत होती, अडवणारी फ्रिजच्या आड.

त्यांनी गॅस बंद केला आणि झारा हातात घेऊनच बाहेर आल्या. फ्रिज उघडून एकेक बाटली मॅनेजरच्या टेबलावर मांडायला लागल्या.

"हे काय चाललंय?" मॅनेजर ओरडला.

"फ्रिज हलका करतेय."

"नोकरी जाईल, सांगून ठेवतो! फुकटात मॅच बघायची म्हणून..."

"फुकटच आहे ती. तुमचं काय जातंय? आणि मला काढायचं असेल तर आत्ताच काढा. दुसऱ्या पाळीची भाजी अर्धी कच्ची आहे, पुढचं तुम्ही बघा."

अख्खं कँटीन खो खो हसलं. आम्ही दोघं-तिघं मदतीला उठलो, तर मावशी म्हणाल्या, "बसा खाली. माझी मी सरकवते." त्यांनी झारा कमरेला खोचला, खांदा लावला आणि दातओठ खाऊन रेटा दिला. फ्रिज कुरकुरत बाजूला झाला.

तोवर एकच पेनल्टी उरली होती. मारणारी धावली. गोलकीपरने उजव्या कोपऱ्यात अंग झोकून दिलं आणि चेंडू बोटांनी बाहेर ढकलला. आम्ही बाकांवर चढून नाचलो. मावशी जागच्या हलल्या नाहीत. त्यांचा उजवा हात ताणलेला तसाच होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"मी पण तिकडेच झेप घेतली असती," त्या म्हणाल्या.

"झालं ना समाधान? आता लावा फ्रिज जागेवर," मॅनेजर पुटपुटला.

"हीच त्याची जागा," मावशी म्हणाल्या आणि भाजी शिजवायला आत गेल्या.