भाऊबिजेची बालूशाही

दुकानातली बालूशाही मला कुणी आणू नये. सुना प्रेमानं आणतात, मी एक घास खाते आणि माझं डोकं फिरतं. वरून साखर, आत नुसतं पीठ! हिला काय बालूशाही म्हणायचं? एवढं म्हटलं की नातवंडं एकमेकांना कोपर मारतात, "घ्या, सुरू झालं आजीचं अकोला."

हो, सुरू झालं. काय करू? खाल्लेलीच तशी होती.

आम्ही अकोल्याला कापसाच्या जिनिंगमागच्या चाळीत राहायचो. बाबा जिनिंगमध्ये कामाला. माझी आई मोर्शीकडची, आईबापांची एकुलती एक. मीही एकटीच. म्हणजे आमच्या घरात भाऊ ही वस्तूच नव्हती. भाऊबिजेला चाळीतल्या सगळ्या बाया आपापल्या भावांना ओवाळायच्या आणि आम्ही मायलेकी दिवेलागणीला ताट घेऊन अंगणात उभ्या. ज्या बाईला भाऊ नाही तिनं चंद्राला ओवाळायचं, अशी आपल्याकडे रीत. बिजेची ती कोर जिनिंगच्या पत्र्यावर जरा दिसायची आणि लगेच बुडायची. त्यामुळे आईची नुसती घाई. "अवं पोट्टे, हाल ना! गेला म्हंजे मंग कोनाले ओवाळू?"

मुलांचा चांदोमामा गोष्टीतला असतो. माझा तो खराच मामा होता. दुसरा नव्हताच.

समोरच्या खोलीत एक परदेशी कुटुंब राहायला आलं. परदेशी म्हणजे विलायतेचं नव्हे. उत्तरेकडून आलेल्या माणसांना आमच्याकडे परदेशीच म्हणायचे. नवरा तेलाच्या गिरणीत फिटर, बायको झाशीच्या पलीकडची. तिला सारी चाळ भाभी म्हणायची. ती माझ्या आईला जिज्जी म्हणायची, म्हणजे मोठी बहीण. भाभीचं लग्न झाल्यापासून माहेरचं कुणी आलेलं नव्हतं. आई वारलेली, आणि एकुलता एक भाऊ फौजेत, कुठल्या कुठं.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर भावाचं पोस्टकार्ड आलं, भाऊबिजेला येतोय. भाभी नाचायचीच बाकी राहिली. आणि त्याच आठवड्यात नळावर शेवाळावरून घसरून पडली. उजवं मनगट मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधून हात गळ्यात अडकवून दिला. दुखण्याचं तिनं काही म्हटलं नाही. रडत होती ती वेगळ्याच गोष्टीसाठी. "जिज्जी, अब बालूशाही कौन बनाएगा?" तिची अम्मा भाऊबिजेला दरवर्षी स्वतः बालूशाही करायची. अम्मा गेल्यापासून भावाच्या तोंडाला ती लागलेली नव्हती. एवढ्या वर्षांनी तो येणार आणि त्याच्यापुढे काय ठेवायचं, चहा?

"मी कायले मेली का?" आई म्हणाली. "तू सांग, मी करतो."

आता माझ्या आईचा हात कसा, ते सांगायला हवं. पुरणपोळीची कणीक तिंबावी तर आईनं. तेलाचा हात लावून अशी आपटायची, अशी ओढायची, की शेजारची म्हातारी म्हणायची, कणकेवर कोणाचा राग काढून राहिली व? आख्ख्या गल्लीत तिच्या पोळीला तोड नव्हती. त्याच हातांनी तिनं बालूशाहीचा मैदा घेतला.

भाभी पाटावर बसून सांगत होती. तूप मैद्याला चोळा, दही घाला, चिमूटभर सोडा. इथवर सगळं नीट. मग भाभी म्हणाली, "अब बस बटोर लो. गूँधना नहीं." नुसतं गोळा करायचं, मळायचं नाही. आईनं हो म्हटलं आणि मळायला लागली. भाभी ओरडली, आई थांबली. भाभीनं कढईकडे पाहिलं, तेवढ्यात हिची मूठ पुन्हा पिठात. हातच तो. पीठ दिसलं की त्याला धीर कुठला!

"मळू नको म्हनते!" आई करवादली. "मंग देवानं हात कायले देले?"

पहिला घाणा निघाला तो दगड. मी एक उचलून ओट्यावर आपटली तर टणकन वाजली. बाबा म्हणाले, ठेवा, दार अडकवायला होईल. मी हसले, आईही हसली, पण भाभीनं तोंड पदरात लपवलं. उद्या भाऊ येणार होता. आईचं हसू तिथंच विरलं.

"मैदा हाये ना अजून? मंग रडतं कायले? आन इकडे तो तुया हात."

मग भाभी आईच्या मागं येऊन बसली आणि तिनं आपला डावा, चांगला हात आईच्या मनगटावर ठेवला. आईचा हात दाबायला गेला की ती वर उचलायची. "बटोरो, जिज्जी. बस बटोरो." झोपलेलं लेकरू उचलावं तसं आईनं ते पीठ उचलून उचलून एकत्र केलं. दिसायला अगदीच ओबडधोबड, भेगाळलेलं. आईला ते बघवेना. तशाच गोळ्यांना अंगठ्यानं मधे खड्डा पाडून मंद शेगडीवर तुपात सोडलं. सगळ्या घराला तुपाचा वास लागला. आणि बाई गं, त्या भेगाच हळूहळू उघडल्या, आत पदरावर पदर. पाकातून काढलेली पहिली भाभीनं मोडून आईच्या तोंडात घातली. आई डोळे मिटून नुसती बसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊ आला. उंचापुरा, हातात पत्र्याची पेटी, गळ्यात निळा लोकरीचा मफलर. अकोल्यात मफलर! आम्ही पोरी तोंडावर हात ठेवून हसलो. भाभीनं डाव्या हातानं त्याला टिळा लावला आणि ताटली पुढे केली. त्यानं एक घास खाल्ला आणि थांबला. डोळे भरून आले त्याचे. "ये तो अम्मा वाली है."

भाभीनं बांधलेला हात दाखवला. "मेरा हाथ तो ये रहा. जिज्जी ने बनाई."

अंगणात तेव्हा आम्ही मायलेकी ताटात निरांजन लावत होतो. चंद्र दिसायला थोडा अवकाश होता. भावानं विचारलं, कोणासाठी? भाभीनं सांगितलं. तो तसाच उठला, अर्धी बालूशाही हातात, अंगण ओलांडून आमच्या दारात आला आणि आपणच पाट ओढून त्यावर बसला.

"चाँद को आज रहने दीजिए, जिज्जी."

आई ताट घेऊन पुढे झाली. तिनं त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. ओवाळणी म्हणून त्यानं गळ्यातला मफलर काढून ताटात ठेवला आणि म्हणाला, "अगले साल फिर आऊँगा. बालूशाही रखना."

पुढच्या उन्हाळ्यात भाभीच्या नवऱ्याला दूर कुठंतरी काम लागलं आणि ती मंडळी गेली. भाभी आईच्या गळ्यात पडून रडली, पत्र टाकते म्हणाली. एक आलं, मग नाही.

दिवाळी आली. आईनं बालूशाही केली, एकटीनं, एकदाही न मळता. भाऊबिजेला पाट मांडला, रांगोळी काढली. तो आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. मला असा संताप यायचा! मस्त खाऊन गेला आणि विसरला. मग चीनची लढाई लागली. जिच्या कानाला रेडिओ ठाऊक नव्हता ती माझी आई रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलाबाहेर पदर सावरून बातम्या ऐकत उभी राहायला लागली. तेव्हापासून मी त्याच्यावर रागावणं सोडून दिलं. तो आहे की नाही तेच आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्हाला कळवणार तरी कोण? कागदावर आम्ही त्याचे कुणीच नव्हतो.

त्या वर्षीच्या भाऊबिजेलाही तिनं बालूशाही केली. मी ताट घेऊन अंगणात गेले. पत्र्यावर कोर दिसली. मी हाक मारली, "आई, चल ना, बुडून राहिला तो. ओवाळून घे."

आई दारातून हलली नाही. निळा मफलर तिच्या खांद्यावर होता.

"तू ओवाळ. तुले भाऊ नाही," ती म्हणाली. "मले हाये. भाऊ असल्यावर चंद्राले कायले ओवाळू?"

मग दरवर्षी मी एकटीच चंद्राला ओवाळायचे. आई माझ्याकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभी असायची, बालूशाहीच्या ताटलीवर ताटली झाकून.