दोन बोटं कमी

शारीरिक शिक्षणाच्या परीक्षेत मोजायची फीत धरून उभं राहिलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. चपलेत रेती शिरते तसे आपोआप येतात. मी रेवदंड्याजवळच्या एका हायस्कुलात तीस वर्षं शिपाई होतो. स्वतः सातवी नापास. रिटायर झालो तरी परीक्षा आली की मला बोलावतात. कारण एकच. लांब उडी असो की गोळाफेक, नानाच्या फितीवर कुणाला बोटभर जास्त मिळत नाही. सरपंचाच्या पोरालाही मिळालं नाही.

यंदा माझी नात मानसी नववीत होती. सगळं गाव माझ्या हाताकडे बघत होतं.

*

खेळाचे ढवळे सर माणगावचे. समुद्राशी संबंध नाही. शाळेचं मैदान लहान, म्हणून धावण्याची परीक्षा किनाऱ्यावर घेतो. पहिल्याच वर्षी सरांनी वेळ ठेवली सकाळी अकराची.

मी म्हणालो, "सर, आज अमावास्या आहे."

"नाना, शाळेत अंधश्रद्धा नको!"

 मी रेतीवर चुन्याची फक्की मारून शंभर मीटर आखून दिले. पहिली तुकडी पळाली. दुसरी उभी राहीपर्यंत अमावास्येची भरती चढली आणि शेवटचे वीस मीटर समुद्रात गेले. पोरं गुडघाभर पाण्यातून पळाली. एका कोळ्याच्या पोराने धापा टाकत विचारलं, "सर, पवायचं मार्क येगळं काय?"

आता सरांच्या बॅगेत शिट्टी असते, स्टॉपवॉच असतं आणि पंचांग असतं.

*

दहावीतल्या एका पोराने डॉक्टरचं सर्टिफिकेट आणलं. पाठदुखी, धावण्यास मनाई. बापाचे चार ट्रक. पोरगा कट्ट्यावर बसून वडापाव खात परीक्षा बघायचा.

गोपाळकाल्याला सर बाजारात आले. बघतात तर हा हंडीच्या चौथ्या थरावर!

दुसऱ्या दिवशी सरांनी त्याला उभा केला. "पाठ दुखते ना तुझी? मग वर कसा चढलास?"

"सर, सर्टिफिकेटवर धावायचं न्हाय लिवलंय. चढायचं कुठं लिवलंय?"

सर माझ्याकडे वळले. मला म्हणाले, "नाना, कोठीतला दोर काढा. याची परीक्षा दोरावर."

*

प्रत्येक मुलाची उंची आणि वजन वहीत लिहावं लागतं. एका वर्षी शाळेचा काटा बिघडला. मी जेट्टीवरून कोळीण जनाबायचा मासळीचा काटा आणला. काट्याबरोबर जनाबायही आली.

"काटा माजा. वजन मीच सांगनार."

सर म्हणाले, "सांगा." वीस-पंचवीस पोरं सरळ गेली. मग आठवीतला एक हडकुळा पोरगा काट्यावर चढला. जनाबायने त्याला वरून खालपर्यंत बघितलं आणि सरांना म्हणाली, "मास्तर, ह्याला परत धाडा. ह्याच्यात नुसतं काटंच हाईत!"

*

धावणं-उडी झाली की तोंडी परीक्षा. सरांनी एका मुलीला विचारलं, "कबड्डीत एका संघात किती खेळाडू?"

"सर, पुस्तकात का आमच्या आळीत?"

"पुस्तकात."

"सात."

सरांनी उगाच विचारलं, "आणि आळीत?"

"जेवडं भांडायला येतील तेवडं!"

सरांनी पूर्ण मार्क दिले. तिची आळी माझीच. उत्तर बरोबर होतं.

*

आता मानसीचं.

लांब उडीत साडेतीन मीटर गेलं की अ श्रेणी. अ मिळालेल्या मुली माणगावला जिल्ह्याच्या स्पर्धेला जाणार होत्या. मानसीने महिनाभर आधी बॅग बाहेर काढून ठेवली होती. संधी तीन. पहिली उडी फाउल. दुसरी आखूड. तिसरी चांगली पडली. पोरींनी टाळ्या वाजवल्या.

मी फीत लावली. दोन बोटं कमी.

सर हळूच म्हणाले, "नाना, रेती जरा सरकलीय. साडेतीन लिहू?"

"रेती जाग्यावर आहे. ब लिहा."

मानसीने चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. पाचव्या दिवशी जेवताना सून म्हणाली, "मामंजी, दोन बोटांनी काय आभाळ कोसळणार होतं?"

मला राग आला. म्हणालो, "मी हिच्या वयाचा असताना शेतामागचा चौदा फुटांचा पाट एका उडीत ओलांडायचो! हिला साडेतीन मीटर होत नाही?"

मानसी ताटावरून उठली. रविवारी सकाळी मी शेतावर गेलो तर ही पाटाजवळ हजर. हातात शाळेची फीत, वही, पेन. मागे चार मैत्रिणी. रस्त्यावर ढवळे सर मोटारसायकल थांबवून उभे.

तिने पाटावर फीत टाकली. "आजोबा, आठ फूट."

"तेव्हा रुंद होता."

"असू दे. आठच मारा." तिने वही उघडली. "तीन चान्स असतात."

पोरी खिदळल्या. सरांनी तोंड दुसरीकडे वळवलं. सून बांधावरून ओरडली, "मामंजी, गुडघा!"

मी चपला काढल्या. धोतर वर खोचलं. दहा पावलं मागे गेलो.

"फीत ताणून धर," मी मानसीला म्हणालो.